अकरा अंक

व्हरांड्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने
अकरा अंक रंगवलेत मी.
नऊपाशी ब्रश फिस्कटला,
तेव्हापासून तो नऊ केंडमाशासारखा फुगलेला.

"बाई, हो कोणाचो फोन नंबर?"
दुर्वा कुबल, तिसरी.
फोनला दहा असतात गं. हा शाळेचा.
मग परिसर अभ्यासाचा तास भिंतीपाशीच झाला:
पहिले दोन राज्याचे. पुढचे दोन जिल्ह्याचे,
म्हणजे ओरोस, जिथून बदल्यांचे आदेश निघतात.
मग तालुका; त्याच्या पोटात बीट, बिटाच्या पोटात केंद्र,
आणि केंद्रप्रमुख, जे अकरा शाळांचं टपाल
एका पिशवीत घेऊन तरीतून उतरतात
आणि चहा अर्धा टाकून भरतीआधी निघतात.
पुढचे तीन गावाचे.
शेवटचे दोन आपले.
दिल्लीतून कुणी बोट फिरवत आणलं
तर ते इथे येऊन टेकतं,
तुम्हा सात जणांवर, तांदळाच्या दोन पोत्यांवर,
आणि कागदावर चालू असलेल्या हातपंपावर.

दिक्षांत तांडेल म्हणाला,
"आमच्या होडयेकय नंबर आसा.
दर्यात चुकली तर वाचून सांगतत,
ही खयच्या बंदराची."

सोमवारी केंद्रावर सभा झाली.
वीसच्या आतल्या पटाची यादी वाचली.
समूहशाळा खाडीपलीकडे. वाहतूक भत्ता मिळेल.
माझं समायोजन होईल.
मी परभणीची. इथे हजर झाले तेव्हा
समुद्राला समानार्थी शब्द पाच येत होते,
ओहोटी कधी लागते ते येत नव्हतं.
यादीवर सही केली.
सगळ्यांनीच केली, मग वडापाव आले.

आज ऑनलाइन माहिती भरते आहे.
वर्गखोल्या दोन. रॅम्प आहे.
संगणक एक, बंद. रेंजसाठी वडाच्या पारावर जावं लागतं,
हे कुठे लिहायचं ते सापडत नाही.
जवळच्या शाळेचं अंतर: किलोमीटरमध्ये.
मी सहा लिहिलं.
तर बंद असते त्या दिवसांना रकाना नाही.

"बाई, शाळा बंद झाली
तर आपलो नंबर दुसऱ्या कोणाक देतले?"
माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही.
प्रशिक्षणात हे कुणी विचारलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत दिक्षांतने
रॉकेलात धुतलेला ब्रश आणून टेबलावर ठेवला.
"नऊ बारीक करा, बाई.
लांबसून वाचूक येवक होयो."