बाकासाठी

खोलीतलं घड्याळ बंद आहे, म्हणून मोबाइल लावते.
पंधरा मिनिटं.
आधी गजर वाजायचा. एकदा एक पोरगी
त्या आवाजानं खुर्चीवरून उठलीच.
तेव्हापासून तो ड्रॉवरमध्ये नुसता थरथरतो,
भुंगा अडकल्यासारखा.

उईके म्हणतात, पट्टी बरी.
पूर्वी नळ्या बर्फाच्या डब्यात, डबा एसटीच्या ड्रायव्हरपाशी,
वणी येईपर्यंत निम्मा बर्फ पाणी.
निकाल यायचा आठ दिवसांनी.
माणूस यायचा नाही.
तिकिटाचे पैसे, वेचणीचा खाडा, कोणी पाहिलं तर.
कपाटात अजून आहेत ते कागद,
नाव नाही, फक्त नंबर,
कोणी न्यायला न आलेले.

दुपारे सिस्टर म्हणतात, तुम्हाला काय, तुम्हाला दार आहे.
मी पोडावर जाते. पाचव्या महिन्यातली बाई,
सासू चुलीपाशी, मी उंबऱ्यात बसून तिचं बोट टोचते
आणि दुसरी रेघ उगवते ती सासूच्या समोर.
पदराखाली धरते मी पट्टी,
अंडं धरावं तशी.
अजून दोन किट लावायचे असतात दवाखान्यात,
'पक्कं नाही गं' म्हणायची सोय असते,
पण माझं तोंड तिनं वाचलेलं असतं.
ते आठ दिवस होते ना, त्या म्हणतात,
त्यात मी शब्द तरी गोळा करायची.

डॉक्टर नवे आहेत. आज कळलं, आज गोळी, म्हणतात.
खरंच आहे. गेल्या पोळ्यापासून
एकही जण मधल्या वाटेवर हरवला नाही.
अहवालात मीही तेच लिहिते.

लिहीत नाही ते असं :
बाहेर बाक आहे.
बाकावरच्यांकडे पट्टी नाही, पण हिशोब आहे.
लवकर बाहेर आला तो सुटला.
आत बसून राहिला, त्याची बातमी
त्याच्या आधी गावात उतरते.
एका पोराला मी पाऊण तास धीर दिला.
टपरीवाल्यानं संध्याकाळीच त्याचा कप वेगळा ठेवला.
माझ्या धीरामुळेच.

म्हणून आता सगळ्यांना सारखंच बसवते.
एक रेघ असो की दोन, पाऊण तास.
उईके चिडतात, झटपटचं काय केलं मॅडम तुम्ही?

काल एक म्हातारी होती. टीबीची औषधं चालू,
म्हणून हीही तपासणी.
एकच रेघ. सांगितलं तिला.
"मंग जाऊ का वं बाई? साडेचारची गाडी हाय."
थांबा जरा, म्हटलं.
"काहून? निंघालं का काई?"
काही नाही निघालं.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे,
पडद्याखालून दिसणाऱ्या चपलांच्या रांगेकडे.
तिच्या आधी या खुर्चीत कोण होतं,
ते तिनं बाकावरून पाहिलं होतं.

पिशवी खाली ठेवली. तुरीच्या शेंगा काढल्या,
सोलायला लागली. दाणे वाटीत, टरफलं ओच्यात.
"सांग मंग," म्हणाली, "तुह्यं माहेर कोनतं?"

गाडी वळल्याचा आवाज आला.
तिनं मान वर केली नाही.