श्रीफळ

पैंगीणच्या शाळेनं सत्काराला बोलावलं.
मंचाला पाच पायऱ्या.
चौघा मास्तरांनी खुर्चीसकट उचललं मला,
पालखी उचलतात तसं,
आणि पालखीतल्या देवाला जसं कुणी विचारत नाही
कुठं जायचंय, तसं मलाही नाही विचारलं.

शाल घातली. मग हातात नारळ.
मी तो कानाशी धरून हलवला. सवय.
पाणी कमी. उशिरा पाडलाय कुणीतरी.

वीस वर्षं मी पाडेली होतो.
भाटकाराच्या भाटातल्या दोनशे सात माडांना
मी नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी.
वाकडा. कंजूष. विहिरीवरचा.
एका मंगळवारी विहिरीवरच्याची झावळ हातात आली
आणि कमरेखालचा पुरसो वेळीप
तिथंच राहिला, भाटात.
वरचा घरी आला, सात महिन्यांनी.

मुख्याध्यापक जिद्दीवर बोलत होते.
शब्द चांगले होते, इस्त्री केलेले.
पण त्यात माझी मोरी नव्हती.
ओटा खाली घ्यायला गवंड्याशी घातलेला वाद नव्हता,
आणि उंबरठा फोडला तेव्हा रडलेली बहीण नव्हती:
उंबरठा फोडतात का रे कुणी?
मडगावला चल, मागची खोली रिकामी आहे.
मागची खोली मी पाहिलीय.
खिडकी आहे, पंखा आहे.
कडी माझ्या हाताला येत नाही.

खाटेवरून खुर्चीत यायला मला चार मिनिटं लागतात.
पोदेराचा पोंपों वळणावर ऐकला की निघायचं,
म्हणजे दोघं एकदम दारात.
चार उंडे, सुट्टे पैसे,
काल हरलेल्या टीमला एक शिवी.
माझ्यासाठी तो जास्त थांबत नाही.
हेच आवडतं त्याचं.

दुपारी हीर काढतो, केरसुण्या बांधतो.
शनिवारी चावडीच्या बाजारात.
कदंबच्या बसला माझी खुर्ची नको असते,
म्हणून सगुणाचा टेम्पो, भाडं ठरलेलं, उपकार वजा.
माडच पोसतो अजून.
भांडण मिटलेलं नाही आमचं, व्यवहार चालू आहे.

पडतो कधीकधी.
पडलो की थोडा वेळ कौलांकडे बघत राहतो.
चाळीस फुटांवरून पडलेल्याला
खाटेवरून पडणं म्हणजे काय.
पण लागतं. तेही खरं.

शेवटी मुलांना प्रश्न विचारायला सांगितले.
तुमचा आदर्श कोण?
तरुण पिढीला संदेश?
बोललो काहीतरी. टाळ्या.
मग दाराजवळून, कुबडी भिंतीला टेकवून
नववीतली दीक्षिता पागी उभी राहिली.
"रात्री लागली तर कसं करता?"

सगळे हसले. बाईंनी डोळे वटारले.
मी माईक तोंडाजवळ ओढला.
त्या तासाभरात पहिल्यांदाच
माझ्याकडे सांगण्यासारखं काही होतं.

खाटेची उंची सांगितली. दोरी कुठं बांधलीय ते.
मोरीतला दिवा मी का मालवत नाही.
डबा कधी चालतो, आणि लाज किती दिवसांत जाते:
जात नाही. बाजूला सरकून बसते.
ती वहीत लिहून घेत होती.

नारळ त्याच रात्री हुमणात गेला.
शाल खाटेच्या कडेला घातली,
तिच्यावरून सरकायला बरं पडतं.

रविवारी पोर आली,
आईचा शिवणकामाचा टेप घेऊन.
ओटा मोजला, कडी मोजली,
दोरीची गाठ सोडून दोनदा बांधून पाहिली.
मी चहा केला. ती मदतीला उठली नाही.
शहाणी.

"तुझ्या काय उपयोगाचा हा ओटा," मी म्हटलं,
"तू तर उभी राहतेस."
"माहीत आहे."
"मग मोजलास कशाला?"
"कसं मोजायचं ते बघायला."

टेप गुंडाळायला तिला वेळ लागला.
मी कपात बघत राहिलो.