झडप

पहाटे चार बावन्न. ऐरोली, सेक्टर आठ.
डब्यासाठी कणीक भिजवलेली,
फोन मिक्सरला टेकून उभा,
आणि फोनमध्ये, पृथ्वीच्या पार पलीकडच्या वाळूत,
एक रॉकेट. अंगावरून वाफ ओघळतेय त्याच्या,
थंडीत म्हशीच्या नाकपुड्यांतून निघते तशी.

उलटे आकडे चाळीसवर येऊन थांबले.
थांबलेच.
निवेदिका हसून म्हणाली, होल्ड.
आतल्या खोलीतून विद्याधर, अर्धवट झोपेत:
"उडालं?"
"नाही."
"मग लाईट बंद कर."

हे तिसऱ्यांदा.
पहिल्यांदा वारा होता, वरच्या थरातला.
दुसऱ्यांदा मासेमारीची एक बोट
मनाई केलेल्या पाण्यात शिरली.
मी बोटवाल्याच्या बाजूने होते,
दिव्याच्या कोळीवाड्यात वाढलेल्या बाईने
दुसरं काय करावं.
आज म्हणे एक झडप
सांगितल्यावर मिटली, पण पाव सेकंद उशिरा.

पाव सेकंद.
पोळी उलटायला मी याहून जास्त वेळ लावते.

सात वाजता रबाळ्याच्या शेडमध्ये
माझ्यासमोर रांगेने झडपाच असतात.
दोन इंची, तीन इंची, कटिंग ऑइलचा वास मारणाऱ्या.
एकेक बाकावर आवळायची, पाणी भरायचं, दाब चढवायचा
आणि दहा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं.
काटा हलला नाही तर हिरवा ठिपका.
हलला तर लाल.
एवढंच. एकोणीस वर्षं.

परवा मी चौदा नग लाल केले
तेव्हा पेडणेकर सुपरवायझर म्हणाले,
"मढवीबाई, माल तळोज्याच्या रंग कारखान्यात जायचाय,
चंद्रावर नाही."
सगळे हसले. मीही हसले.
ठिपके पुसले नाहीत.

मला तारे ओळखता येत नाहीत.
खाडीवर ते असतातही फार थोडे,
पुलाच्या दिव्यांनी शिल्लक ठेवलेले.
आणि खरं सांगायचं तर उडण्यापेक्षा
मला चाचण्याच जास्त आवडतात:
इंजिन पोलादात जखडून ठेवायचं,
सहा सेकंद पेटवायचं, विझवायचं,
एवढा जाळ, आणि कुणी कुठेही गेलेलं नाही.

त्या लोकांची भाषाही आता कळायला लागलीय.
काही फुटलं, की ते म्हणतात, भरपूर माहिती मिळाली.
एकदा मीही रजिस्टरमध्ये लिहून पाहिलं:
नग दोनशे सहा, बॉडीला तडा, भरपूर माहिती मिळाली.
पेडणेकरांनी खोडून लिहिलं, भंगार.

गुरुवारी ते उडालं.
सकाळचे आठ दहा, मी बाकावर,
फोन लॉकरमध्ये, नियमाप्रमाणे.
काट्यासमोर चौथं मिनिट चाललेलं.
वेळ पाठ होती, म्हणून मनातल्या मनात मोजत गेले,
पाच, चार, तीन,
काटा होता तिथेच होता.
बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर
एका टँकरने गिअर बदलला,
तेवढाच काय तो गडगडाट.

जेवणाच्या सुटीत पाहिलं.
वर गेलं, सरळ गेलं, आठव्या मिनिटाला संपर्क तुटला.
भरपूर माहिती मिळाली म्हणे.
मी पुन्हा पुन्हा मागे जाऊन बघितलं,
त्या झडपेचं नाव कुणीच घेतलं नाही.
म्हणजे ती वेळेवर मिटली असणार.
डब्यातली भेंडी गार झाली होती. मी ती चवीने खाल्ली.

रात्री कणीक मळताना विद्याधर दारात आला,
चक्क जागा.
"उडालं ना?"
"उडालं."
"मग?"
"मग गेलं."
तो तसाच उभा राहिला थोडा वेळ,
एखाद्याच्या घरचं कुणी गेल्यावर राहतात तसा.
"पुढचं कधी?"
मी गोळ्यावर ओलं फडकं टाकलं.
"वारा बघून," म्हटलं,
माझा बाप होडी काढताना म्हणायचा तसं.