ओल्यातला डिंक

वाटीखालचा कूर्चेचा तुकडा, दाताएवढा,
सुटून हिंडत होता गुडघ्यात.
पायरी उतरताना मध्येच अडायचा,
दाराखाली खडा अडकावा तसा.

आरोसाच्या खाडीत, तराफ्यावर घसरले, मार्चमध्ये.
निलगिरीचे वासे बुळबुळीत,
आणि सुसो ओरडत होता, दोर सोड, एदेल्मिरा, दोर सोड!
नाही सोडला.
अख्ख्या दोराचा शिंपला होता त्याला.

पोंतेवेद्राच्या इस्पितळात डॉक्टरीण पोरसवदा,
नखं कुरतडलेली.
म्हणाली, स्क्रू नको, तुकडा छिद्रानंच फुटेल.
चिकटवू.
मी म्हटलं, कशानं? खळीनं?

तुमच्याच रक्तातनं काढू, म्हणाली.
खरचटल्यावर खपली धरतं ना, तेच.
दोन नळ्यांत वेगवेगळं ठेवायचं,
टोकाशी भेटलं की घट्ट.
मग तीन मिनिटं दाबून धरायचं, बस.

आणि मी कुठली ते कागदावर वाचून
आपणहून सांगायला लागली,
पलीकडच्या इमारतीत काहीजण
शिंपल्याच्या धाग्यावर काम करतायत.
मोडक्या हाडासाठी.
सध्या सशांवरच. वेळ आहे अजून.
ओल्यातही सुटत नाही तो, ती म्हणाली.

मला सांगतेस?

एकेचाळीस वर्षं तोडतेय मी तो धागा.
आम्ही त्याला दाढी म्हणतो.
सुरीची पाठ अंगठ्याशी, एक झटका, चर्र.
पैसे शिंपल्याचे.
दाढी टोपल्या भरभरून पाण्यात परत,
आणि संध्याकाळी नखांत तिची कुसं.

भूल कमरेखाली. मी जागी.
पडद्यापलीकडे कुणी सेकंद मोजत होतं,
एकशे सत्तर, एकशे एकाहत्तर,
आणि मला गुडघा दिसत नव्हता,
दोर दिसत होता,
काळ्या पाण्यात खोल लोंबणारा.
लाट येतेय, जातेय,
आणि ते येडे जीव
जो सापडेल त्याला धरून.

सहा आठवडे कुबड्या.
रविवारी सुसोनं डबा आणला,
तमालपत्र घालून वाफवलेले शिंपले, वर लिंबू.
एकाला दाढी तशीच.
कुणी साफ केलं हे? म्हणत त्याला झापझाप झापलं.
तो मान खाली घालून पाव मोडत बसला.

मग मी चिमटीत धरून ओढली.
सुटेना.