दहा पटीचं भिंग

कोंडिग्र्याच्या माळावर, पॉलीहाऊस नंबर चार.
दोन दारं ओलांडून आत जायचं
आणि पिवळं नेसून यायचं नाही,
पिवळ्यावर पांढरी माशी भुलते, निळ्यावर फुलकिडे.
आदगोंडा अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.
तेव्हापासून माझ्या साड्यांचे रंग
किडे ठरवतात.

माझं काम मोजायचं.
जरबेराचं पान उलटं करायचं, भिंग डोळ्याला,
आणि श्वास धरून ठेवायचा.
फुंकर लागली की फुलकिडा सटकतो
आणि आकडा खोटा पडतो.

जानेवारीत लाल कोळ्याचं अंडं
तीन-तीन आठवडे रेंगाळत मोठं होतं.
मार्चमध्ये बाहेर पस्तीस, आत चाळीस,
हवेतला ओलावा सत्तरवरून तिसावर,
तेव्हा आठ दिवस पुरतात.
माझ्या मिसबाहच्या एका चाचणीपासून दुसरीपर्यंत
इथं पणजी होते कुणीतरी, पानाच्या पाठीवर,
धुळीएवढी.

दुपारी अण्णा बटणापाशी उभे.
फॉगर सोडावा तर कोळी दबतो,
पण पहाटे पाकळीवर दव आणि राखाडी बुरशी.
पडदे वर करावेत तर गारवा येतो,
गारव्याबरोबर शेजारच्या काकडीतले फुलकिडे.
बंद ठेवावं तर भट्टी.
"दिलशाद, तूच सांग बाई."
मी काय सांगू? मी सातवी पास,
मी आकडा सांगते: पानाला अकरा.

सातव्या ओळीच्या टोकाला एक नोझल गळतं.
तीनदा वहीत लिहिलंय. कुणी आलं नाही.
तिथं खाली कायम ओल, शेवाळ, चिखलात चप्पल रुतते.
आज तिथलं पान उलटलं
तर कोळी दोनच,
आणि त्यांच्यामागं एक तिसरंच काहीतरी,
फिकट, तुळतुळीत, पायांत भिंगरी,
अंडं तोंडात धरून शोषत बसलेलं.
दुसरं पान. तिसरं पान. तेच.
कुणी आणलं नव्हतं, कुणी सोडलं नव्हतं.
ओलीच्या वासानं आलं असेल,
जसं माणूस पाण्याजवळ घर बांधतं.

वहीत त्याला रकाना नाही.
मी 'इतर' खाली बारीक अक्षरात लिहिलं: कामाला आहे.

शुक्रवारी पंप पाठीवर घेऊन बाजीराव आला.
"सातवी सोड," म्हटलं.
"कुणी सांगितलं?"
"वहीत आहे," म्हटलं,
आणि नोझलच्या तक्रारीवर
अंगठ्यानं थोडं पाणी फिरवलं,
शाई पसरेपर्यंत.