फुकटचा वजीर

भुसावळ. मे महिना. रात्रीचे दीड वाजले
तरी भिंत हात लावू देत नाही.
कूलरच्या टाकीत हतनूरचं पाणी, तेही कोमट.
मी मशीनसमोर बावीस वर्षांपूर्वीचा प्रश्न ठेवलाय.

पट आठवणीतून मांडलाय.
काळे माझे, पांढरे सिकंदर तडवींचे,
जागा उत्तर केबिन, लिव्हरशेजारचं स्टूल,
त्यांचं एक प्यादं हरवलेलं, त्याजागी बाटलीचं बूच.
आणि मधोमध त्यांचा वजीर,
उघड्यावर, माझ्या उंटाच्या तिरक्या वाटेत,
बाजाराच्या दिवशी रस्त्यात पडलेल्या नोटेसारखा.

मी घेतला होता.
घेणारच ना.

हा प्रोग्रॅम माझाच, लोको शेडच्या पाळ्या सांभाळून लिहिलेला.
त्याला फार काही येत नाही.
प्यादं एक, घोडा तीन, हत्ती पाच, वजीर नऊ,
एवढा बाजारभाव, आणि न कंटाळण्याची सवय.
पहिल्या वर्षी तोही माझ्यासारखाच होता,
वजीर हाती लागला की तिथंच थांबून बेरीज करायचा,
पुढच्याच चालीला मनगट जातंय हे न बघता.
मग त्याला शिकवलं, मारामारी चालू असताना
हिशोब करू नये. धूळ बसू दे खाली.

आता तो उतरतोय.
तिसरी पायरी: घ्या. नऊने पुढे.
पाचवी: घ्या.
सातवी: घ्या, पण आकडा साडेसहा.
आतला पंखा घरघरायला लागतो.
खिडकीबाहेर यार्डात मालगाडी फुटतेय,
डबे एकेक करून आपापल्या रुळावर.
त्यातल्या एका रुळाच्या टोकाला मातीचा ढिगारा आहे,
इथून दिसत नाही,
दिव्याखाली सगळे रूळ सारखेच चमकतात.

नववी: दोन.
अकरावी: शून्याच्या खाली.
घोड्याची शह, राजा कोपऱ्यातून बाहेर,
हत्तीची शह, राजा आणखी बाहेर,
आणि पटाच्या मध्यावर, भर उजेडात,
ते बूच एक घर पुढे सरकतं.

बस्स. एवढं एक उत्तर सापडलं
आणि त्याने ती फांदी छाटली.
दुसरं उत्तर शोधलं नाही.
चाल वाईट आहे इतकं कळलं,
किती वाईट, ते मोजत बसला नाही.
मी बसलो. बावीस वर्षं.

त्याची चाल वेगळीच: कडेचं प्यादं, एक घर.
राजाला श्वासापुरती फट.
बघणाऱ्याने जांभई द्यावी अशी.

सकाळी फोन लावला. सिकंदरकाका आता
यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, लेकाकडे.
कानाला यंत्र आहे, म्हणून ओरडलो,
काका, तुमचा तो सापळा! अकरा पायऱ्या खोल!
तुम्हाला कसा दिसला?

तिकडून बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
मग हसू.
"कोन्ता सापळा भो?
मेलची घंटी झाली, मी लिव्हरकडे पाहे,
वजीर चुकून ठेवला गेला तिथी.
तू उचलला, म्हटलं, गेला आपला डाव.
मंग घोडा दिसला. मंग हत्ती दिसला."

म्हणजे जाळं कोणी विणलंच नव्हतं.
ज्याच्या डोक्याला मी इतकी वर्षं वचकून होतो
तो माणूस तेव्हा सिग्नलकडे बघत होता.
आमिष होतं,
लावणारा नव्हता.

प्रोग्रॅमला याचं काहीच नाही.
वजीर तिथं का आला हे त्याने विचारलंच नव्हतं,
फक्त, घेतल्यावर काय.

संध्याकाळी खरा पट काढला.
बुचासकट सगळं लावलं.
कडेचं प्यादं उचलून एक घर पुढे ठेवलं,
डाव्या हाताने,
कारण उजवा
अजून उंटाकडेच जात होता.