अठ्ठावीस दिवस

फाटकापासून पोर्चपर्यंत बावीस फूट.
दस्तगीर मिस्त्रीनं दिवस बुडताना शेवटचा झाडू ओढला,
ओल्या काँक्रीटवर आडव्या रेघा उठल्या
नव्या घोंगडीच्या विणीसारख्या,
आणि बादलीत हात खळबळत तो म्हणाला,
"काकू, अठ्ठावीस दिस.
पाणी पाजायचं, पाणी मारायचं न्हाई.
तान्हं हाय अजून."

मी पाजलं.
पोती अंथरली, भिजवली, दुपारी उठून पुन्हा भिजवली.
विश्रामबागेत एप्रिलचं ऊन कुणाची गय करत नाही.
पुण्याहून सन्मतिचं खोकं आलं तेव्हा
अकरावा दिवस होता.
आत पिवळं यंत्र, बंदूक, लांब नळी,
पाच रंगांची पाच नोझलं,
आणि फोनवर मुलाचा आवाज, "आई, आता झाडू सोड."
यंत्र मी कोठीत ठेवलं. तोंड भिंतीकडे करून.

सोळाव्या दिवशी बाहुबली आला मार्केट यार्डातून.
टेम्पो बाहेरच लावला, तेवढं ऐकलं त्यानं.
पण पाठीवरचं हळदीचं पोतं
उसवायचं ते नेमकं उतारावरच उसवलं.
सुपानं भरली, कुंच्यानं झाडली,
उरलीसुरली जाईल म्हणून तांब्याभर पाणी ओतलं
आणि पिवळं बघता बघता
लाल झालं.

सिमेंटातला चुना जागा होता अजून.
हळदीला चुना भेटला की काय होतं
हे मला कुणी सांगायला नको होतं.
सहा वर्षं झाली,
चैत्रात समोरच्या दारातून हसण्याचे आवाज येतात,
वाटली डाळ शेजारच्या पोरीच्या हातून येते, झाकून,
मला बोलावणं येत नाही.
आणि आता माझ्याच दारात,
सगळ्या गल्लीला दिसेल असं,
हातभर हळदीकुंकू.

मी कोठीतलं यंत्र ओढत आणलं.
लाल नोझल लावलं. शून्य अंश, असं लिहिलं होतं त्यावर.
चपला होत्या पायात, चष्मा कपाळावर.
घोडा दाबला.

डाग राहिला बाजूला.
फाटकाजवळ बोटभर लांब, नखभर खोल
एक चीर गेली.
वाळू उघडी पडली,
झाडूच्या सात रेघा मधोमध तुटल्या.
मी बंदूक खाली ठेवली
तरी हात थरथरतच होता.

मिस्त्री संध्याकाळी आला.
चिरेवरून अंगठा फिरवला, काही बोलला नाही.
डागाकडे बघून म्हणाला,
"ह्याला हात लावू नगा.
हळद उन्हाची उधारी हाय,
ऊनच घिऊन जाईल."

ऊन घेऊन गेलं.
आधी कडा, मग मधला भाग,
विसाव्या दिवशी विटकरी, बाविसाव्याला फिकट गुलाबी.
सकाळी दूध घ्यायला जाताना
मी उगाच वाकून बघायची, आहे का अजून.
पंचविसाव्या दिवशी नव्हता.

मग पुरता महिना होऊ दिला, वर दोन दिवस.
गमबूट घातले, चष्मा डोळ्यांवर,
वायरचा जोड कोरड्या पायरीवर,
कुत्रं आत कोंडलेलं.
पांढरं नोझल, हातभर उंचावरून,
वरून खाली, उताराच्या कलानं, कुठेही न थांबता.
आधी कुंडीमागच्या कोपऱ्यात करून पाहिलं.
पाणी पंख्यासारखं पसरलं,
वाळलेली पानं, टेम्पोच्या चाकांची माती
गटारीकडे निघून गेली.
यंत्र बंद केल्यावर घोडा पुन्हा एकदा दाबला,
नळीत अडकलेला जोर सोडून द्यायला.
हे कागदात बारीक अक्षरात होतं. मी दोनदा वाचलं होतं.

आता स्कूटरचं तेल ठिबकलं की भुसा टाकते,
पावसाआधी एक हात सीलर मारायचा आहे.
ती चीर भरून देतो म्हणाला मिस्त्री.
मी म्हटलं, राहू दे.
तिच्यात मुंग्यांची रांग लागली आहे,
पिवळं काहीतरी
ओढून नेताहेत.